जानेवारीचं शिंगरू

“लडकी ठीक है. तीन-तीन जबानों में चुप रहती है.”

चिकच्या पडद्याआडून हे ऐकू आलं तेव्हा मी सिविल लाइन्समधल्या एका बंगल्याच्या व्हरांड्यात उभी होते. बोलणारे कुंवरसाहेब होते, ऐकणाऱ्या त्यांच्या आई, राणीसाहेब. लडकी म्हणजे मी. राणीसाहेब हसल्या — त्यांचं हसणं नेहमी नाकातून यायचं — आणि पडद्याच्या या बाजूला मीही हसले. मला ते कौतुक वाटलं. खरंच वाटलं. यावरून माझी थोडी ओळख तुम्हाला होईल.

त्या दिवशी दुपारपर्यंत जे घडलं ते मी आजवर कुणालाच पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलेलं नाही. आईला नाही, बाबांना नाही, मैत्रिणींना तर नाहीच — मैत्रिणी म्हणण्यासारख्या मला आहेत कुठे? तुम्हाला सांगते आहे, कारण मला फार राग आलेला आहे आणि तो कुठेतरी ठेवायला हवा. बरीच वर्षं मला वाटायचं, हा राग त्या लोकांवरचा आहे. आहेच. त्यांच्यावरचा तो मी सोडणार नाही. पण तेवढाच असता तर मी हे लिहायला बसले असते का?

त्यांच्या संस्थानाचं नाव घेत नाही. लहानसंच होतं. तनखे बंद होऊन काही वर्षं झाली होती. मोटारी विकल्या गेल्या होत्या, बंगल्याचा मागचा भाग कुठल्याशा सरकारी कचेरीला भाड्यानं दिला होता. उरले होते घोडे. मझौलीच्या वाटेवर त्यांची जमीन होती आणि तिथल्या स्टडवर रेसच्या घोड्यांची पैदास चालायची. विलायतेहून आणलेला एक घोडा, काही घोड्या, आणि दर हिवाळ्या-उन्हाळ्यात होणारी शिंगरं. ती जरा मोठी झाली की मुंबई-पुण्याचे मालक येऊन विकत घेत. “अब यही हमारी रियासत है,” कुंवरसाहेब पाहुण्यांना सांगत. चहाच्या टेबलावर राणीसाहेब घोड्यांच्या पिढ्या म्हणून दाखवत — हिची आई अमुक, तिची आई तमुक, तिचा बाप आयर्लंडचा — आणि पाहुणे माना डोलवत. पण ज्या माणसाच्या हातावर यातली अर्धी जनावरं जन्मली होती त्याचं आडनाव त्यांना माहीत नव्हतं. त्याला त्या ‘वो मरहट्टा’ म्हणायच्या.

तो मरहट्टा म्हणजे आमचे भास्करकाका.

सख्खे नव्हेत. रांझीत, शहराबाहेरच्या फॅक्टरीच्या कॉलनीत, आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये त्यांचे थोरले भाऊ राहत. ते आणि माझे बाबा एकाच फॅक्टरीत. दोन्ही घरं मूळची अमरावतीकडची. राज्यं नवीन झाली तेव्हा आमचे सगळे नातेवाईक महाराष्ट्रात गेले आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, कुणीच घर न हलवता. भास्करकाका मात्र फॅक्टरीत शिरले नाहीत. ते लहानपणापासून घोड्यांत रमलेले. राणीसाहेबांच्या स्टडवर ते दरोगा होते — म्हणजे सगळ्या तबेल्यांवर देखरेख करणारा माणूस. काकू आणि ते तिथल्याच दोन खोल्यांत राहत आणि रविवारी बसनं रांझीला येत. त्यांच्या अंगाला गवताचा वास यायचा. आम्हा मुलांना ते आवडायचं, आमच्या आयांना नाही.

मी कॉन्व्हेंटमधली. घरी आई मराठीत विचारायची, मी हिंदीत उत्तर द्यायची, आणि विचार मी इंग्रजीत करते असा माझा समज होता. बी.ए. झाल्यावर मी घरी नुसती बसलेली पाहून काका एका रविवारी बाबांना म्हणाले, “काहून बसवून ठेवली पोरीले? राणीसाहेबाच्या नातीले इंग्रजी शिकवाले कोणी पाहिजे हाय. मी बोलतो ना.” ते बोलले. त्यांच्या शब्दावर मला ती नोकरी मिळाली. हे आधी सांगून ठेवते. नंतर सांगितलं तर तुम्हाला वाटेल मी लपवत होते.

आता एक नियम सांगायला हवा, तो कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आपल्याकडे रेसच्या सगळ्या घोड्यांचा वाढदिवस एकाच दिवशी असतो, एक जानेवारीला. शिंगरू कधीही जन्मलेलं असो, त्या दिवशी ते एक वर्षानं मोठं धरतात. जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेलं शिंगरू म्हणून फार मोलाचं — त्याला वाढायला जवळजवळ पूर्ण वर्ष मिळतं. आणि डिसेंबरच्या शेवटी जन्मलेलं? ते आठवडाभरात एक वर्षाचं ठरतं. पुढे जन्मभर त्याला आपल्याहून वर्षभर मोठ्या घोड्यांबरोबर धावावं लागतं. असलं शिंगरू कुणी घेत नाही. म्हणून घोडी कधी फळवायची याचा हिशेब चुकवून चालत नाही. तिचे अकरा महिने धरून, काका वसंतपंचमी उलटेपर्यंत एकाही घोडीला त्या विलायती घोड्याजवळ जाऊ देत नसत.

एका वर्षी संक्रांतीच्या सुमारास मुंबईचा कुणी बडा पाहुणा आला. कुंवरसाहेबांना त्याच्यासमोर आपला घोडा मिरवायचा होता. नुसता उभा दाखवून त्यांचं समाधान होईना. काकांनी हात जोडून सांगितलं, हुजूर, अजून महिना जाऊ द्या, नाहीतर साल बदलायच्या आधी विईल. कुंवरसाहेब पाहुण्यासमोर म्हणाले, “घोडी हमारी, घोडा हमारा, और कैलेंडर इनका.” सगळे हसले. घोडी आणली गेली.

आणि अकरा महिन्यांनी, नाताळच्या सुट्टीत, ती व्यायली. मी तिथेच होते. राणीसाहेब आणि कुंवरसाहेब नातीला घेऊन स्टडवर सहलीला गेले होते आणि मला सोबत नेलं होतं. भर दुपार होती. गवतावर ओलं, काळसर, नुसते पायच पाय असलेलं ते पिल्लू पडलेलं, आणि काका स्वतःच्या मफलरनं त्याचं नाक पुसताहेत. नर होता. कपाळावर पांढरा टिळा. ते पहिल्यांदा उभं राहिलं तेव्हा काका लहान मुलासारखे हसले, मग घोडीच्या मानेवर हात ठेवून म्हणाले, “हप्ताभर थांबली असती तर काय झालं असतं वं बाई.” त्या वेळी मला त्याचा अर्थ कळला नव्हता. परतताना जीपमध्ये कुंवरसाहेबांनी तो सहज सांगितला आणि त्याच दमात म्हणाले, “पैदाइश जनवरी की है. सुना सबने?” सबने म्हणजे ड्रायव्हर, राणीसाहेब, नात आणि मी. 

इथपर्यंत माझा दोष काय? फारसा नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. नोकरीतली पोरगी. तिला कोण विचारतं?

पण मला विचारलं गेलं.

शिंगरांच्या जन्माची नोंद ठेवणाऱ्या कचेरीचे साहेब थंडी सरताना तपासणीला आले. फौजेतून निवृत्त झालेले, दक्षिणेकडचे, हिंदी जेमतेम. मी सुरुवातीला सांगितलं ते वाक्य त्याच सकाळचं. मग आम्ही सगळे जीपनं स्टडवर गेलो. एरवी मी ड्रायव्हरशेजारी बसायची. त्या दिवशी राणीसाहेबांनी आपल्या बाजूची जागा थोपटली — “यहाँ बैठो, बेटा.” एवढंच. हे वाचून तुम्हाला हसू येईल. येऊ दे. मला कुणी धमकावलं नाही, कुणी काही देऊ केलं नाही, खोटं बोल असं तोंडानं सांगितलंसुद्धा नाही. सीटवरची जागा थोपटली, आणि रांझीच्या क्वार्टरमधली मी तिथे जाऊन बसले आणि वाटेवरच्या लोकांनी मला बघावं असं मला वाटत राहिलं.

तबेल्यासमोर साहेबांनी काकांना रीतीप्रमाणे विचारलं, हे कधी जन्मलं. काका घोडीचा दोर धरून उभे होते. त्यांनी कुंवरसाहेबांकडे पाहिलं नाही, साहेबांकडेही नाही. “साल बदलने के पहले, साब. बडे दिन के आसपास.” आवाज न चढवता त्यांनी नाताळ सांगितला. त्यांनी तक्रार केली नव्हती, कुणाचं वाकडं चिंतलं नव्हतं. विचारलं, सांगितलं.

कुंवरसाहेब इंग्रजीत म्हणाले, माणूस जुना आहे, पण हल्ली पितो, त्याला दिवसाचं भान नसतं. मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, या तरुण बाई त्या दिवशी इथे होत्या, यांनाच विचारा.

इथून पुढचं सगळं इंग्रजीत झालं. काकांना इंग्रजी येत नव्हतं.

साहेबांनी विचारलं. मी म्हणाले, जानेवारीच्या सुरुवातीला, सर. एवढं पुरे झालं असतं. पण मी पुढे म्हणाले — हे मी म्हणाले, मला कुणी पढवलं नव्हतं — मला पक्कं आठवतं, कारण मिस बेबीची, म्हणजे राणीसाहेबांच्या नातीची, शाळा दुसऱ्या दिवशी उघडणार होती. बघा, किती नीटस. खोट्याला मी झालर लावली. का? माझं इंग्रजी चांगलं आहे हे त्यांना दिसावं म्हणून. साहेबांनी मान हलवली, मला ‘यंग लेडी’ म्हणाले, आणि कानापर्यंत मी सुखावले.

मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. हा माणूस खरंच पितो का?

भास्करकाका दारूला शिवत नव्हते. गणपतीत कुणी आग्रहानं पान खायला लावलं तरी लगेच तोंड धुणारा माणूस. मला हे माहीत होतं, जसं माझं नाव माहीत होतं. ‘नो, सर’ म्हणायला किती वेळ लागतो? मी खाली पाहिलं आणि म्हणाले — त्याबद्दल मी न बोललेलंच बरं, सर. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर शिकवायच्या, चांगल्या घरातली मुलगी दुसऱ्याची चुगली करत नाही, तेव्हा असं म्हणावं. मी ते अगदी त्यांनी शिकवलेल्या आवाजात म्हटलं. हो म्हटलं असतं तर साहेबांनी कदाचित आणखी चौकशी केली असती. माझ्या त्या सभ्यपणानं त्यांची खात्रीच पटली. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

चार हातांवर काका उभे होते. घोडीच्या मानेवरची माशी हाकलत. मी इतका वेळ बोलले, साहेबांनी इतक्या आदरानं ऐकलं, हे पाहून त्यांच्या चेहऱ्यावर — कसं सांगू — अभिमान होता. आपल्या रांझीची पोरगी साहेबाशी इंग्रजीत बोलून राहिली.

त्या आठवड्यात त्यांना काढलं. दोन खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या. ते सामान ट्रकमध्ये टाकून रांझीला आले तेव्हा मी आमच्या दारात रडले आणि काकूंनी मला जवळ घेतलं. आमच्यासाठी रडून राहिली, असं त्या आईला म्हणाल्या. मग काकांनी मला विचारलं, साधंच, काही संशय न घेता, “बेटा, तू काय सांगितलं त्या साहेबाले?”

आणि मी म्हणाले, “जे झालं तेच सांगितलं, काका.”

इंग्रजीत खोटं बोलताना मला काहीच झालं नव्हतं. शाळेतल्या नाटकात बोलल्यासारखं ते तोंडातून बाहेर पडलं होतं. हे मराठीतलं खोटं बोलताना मात्र माझी जीभ टाळूला चिकटली. तरी मी बोललेच. तेव्हा त्यातलं मोठं कोणतं, हे मला विचारू नका. मला ठाऊक आहे.

दोन वर्षांनी ते शिंगरू धावायला लागलं. जिंकलंही. पेपरात त्याच्या फोटोशेजारी कुंवरसाहेब, गळ्यात दुर्बीण. बंगल्यावर पेढे वाटले. मला सांगा, त्या आठवड्याभराच्या खोट्यानं त्या घोड्याचं असं काय वाकडं झालं? किंवा दुसऱ्या कुणा घोड्याचं? जनावर तेच, पाय तेच. त्यांनी तारीख बदलली याची चीड मला येतेच, पण त्याहून जास्त येते ती त्यांच्या बेफिकिरीची. आपल्या एका पाहुण्याच्या करमणुकीपायी झालेली चूक त्यांनी हात झटकल्यासारखी एका माणसाच्या अंगावर टाकली आणि संध्याकाळी टेनिस खेळायला गेले. राणीसाहेबांनी पुढच्या महिन्यात नवा दरोगा आला तेव्हा मला विचारलं, “वो मरहट्टा कहाँ गया?” त्या विसरल्या होत्या. मी अजून तिथेच होते, नातीला शब्दांचे अर्थ सांगत. सोडली का नाही नोकरी? सोडली नाही. आणखी तीन वर्षं केली.

काकांना दुसऱ्या कुठल्या स्टडवर काम मिळालं नाही. पितो, ही बातमी पुण्यापर्यंत पोचली होती. मग ते रांझीतल्या लाकडाच्या टालीवर, म्हणजे वखारीवर, चौकीदारी करू लागले. कॉलनीतले लोक थेट बोलत नसत. “सुटली काहून नोकरी? काही कारण असनच ना,” एवढंच. एकदा गणपतीच्या मीटिंगमध्ये विसर्जनाच्या ट्रकवर कोण बसणार यावरून बोलणं चाललं होतं. दरवर्षी मूर्तीला धरून काका बसायचे. सेक्रेटरी हसत म्हणाले, “भास्करराव, तुम्ही या वर्षी खालीच चला. तोल बिल जाईन.” दोघं-तिघं फिसकन हसले. काका रागावले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं — मी आईबरोबर मागे बसले होते — आणि म्हणाले, “इले विचारा. ही होती तिथं. इनं सगळं खरं सांगितलं होतं साहेबाले, इंग्रजीत.”

“इंग्रजीत सांगितलं म्हणूनच साहेबाले समजलं नसन,” कुणीतरी म्हणालं, आणि आणखी हशा.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. होकारार्थी. मी काय केलं समजलं ना तुम्हाला? त्यांच्या बाजूची साक्ष म्हणून मी मान हलवली, आणि त्या हलवण्यानं ते खोटं पुन्हा एकदा पक्कं झालं. असं एकदा नाही झालं. लग्नात, बारशात, टालीवर लाकडं घ्यायला आलेल्या परक्या माणसासमोर — “विचारा इले.” त्यांच्याजवळ स्वतःची अब्रू दाखवायला दुसरं काहीच नव्हतं, फक्त मी होते. आणि मी लाजाळू म्हणून प्रसिद्ध. न बोलणारीला कोण खोटारडी म्हणेल? माझ्या आईला तर माझ्या शांतपणाचं केवढं कौतुक. गुणाची पोर. लाजाळूपणाच्या आड मी किती आरामात राहिले, हे आठवलं की मला स्वतःच्या तोंडाकडे आरशात पाहवत नाही.

मागच्या महिन्यात मला भोपाळला बँकेत नोकरी लागली. जायच्या आधी काकूंनी आम्हाला तिघांना जेवायला बोलावलं. गोळाभात केला होता, वर फोडणीचं तेल. एकच खोली, काका आणि बाबा भिंतीला टेकून बसलेले, आई आणि काकू वाढताहेत. काकांचे केस पार पांढरे झाले आहेत. दुपारभर ते खुशीत होते. बाबांना म्हणाले, “भोपाळचे लोक इले आता समजले, मी तर तवाच समजलो होतो. साहेबासमोर अशी फाडफाड बोलली ना.” मग काकू माझ्या पानात आणखी गोळे घालत होत्या तेव्हा त्यांच्याकडे वळून म्हणाले, “सारी दुनिया त्या कुंवराच्या बाजूनं होती. ही एवढुशी पोर तेवढी माझ्या बाजूनं बोलली. एवढ्यावर मी इतके साल काढले, सांगतो तुले.”

काकूंनी पदरानं डोळे पुसले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, समाधानानं. आई म्हणाली, अगं, खा ना.

मी पानावरचा हात बाजूला घेतला. तोंडातला घास गिळला. मला वाटलं होतं हे बोलायची वेळ आली तर ते इंग्रजीतच येईल, तिकडेच ते जन्मलं होतं. पण काका समोर होते आणि त्यांना समजायला हवं होतं.

“काका,” मी म्हणाले, “मी तुमच्या बाजूनं बोलली नव्हती. शिंगरू जानेवारीचं आहे असं मी साहेबाले सांगितलं. अन् तुम्ही पिता का असं त्यानं विचारलं, तर मी ‘नाही’ म्हटलं नाही.”